जुन्या लिव्हर-अॅक्शन रायफली: ओळख, वय आणि किंमत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लिव्हर-अॅक्शन म्हणजे चापाखालची दांडी (लिव्हर) खाली-वर करून पुढचं काडतूस चढवायची रायफल. हे प्रश्न दोन ठिकाणांहून येतात. एक, अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी मंडळी: शेजारच्या आजोबांनी जाता जाता हातात ठेवलेली, इस्टेट सेलमध्ये (घरातलं सामान काढून टाकायच्या विक्रीत) मिळालेली किंवा सासरकडून आलेली रायफल. दुसरी, महाराष्ट्रातली घरं, जिथे पणजोबांच्या परवान्यावरची ‘विंचेस्टर’, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीची रायफल, अजून कपाटात उभी आहे. उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रायफल हातात आली आहे. सगळ्यात आधी काय करू?

ती भरलेलीच आहे असं धरून चाला. नळी मोकळ्या दिशेला, बोट चापापासून लांब. या रायफलींत काडतुसं बहुधा नळीखालच्या ट्यूबमध्ये एकामागे एक बसतात. तिथे एखादं वर्षानुवर्षं पडून असलं तरी बाहेरून कळत नाही. लिव्हर कधी चालवली नसेल तर आत्ता प्रयोग नको, जाणत्या माणसाकडून किंवा परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून उघडून घ्या. काही मॉडेलांच्या दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या) टोकाला छोटं झाकण असतं, आत साफसफाईची सळई ठेवायची पोकळी, तीही बघा.

मग उजेडात फोटो काढा: दोन्ही बाजू, वरून, खालून, प्रत्येक अक्षर, प्रत्येक स्क्रू. आणि तूर्त फडकं, तेल, पॉलिश यांपैकी कशालाही हात लावू नका (प्रश्न १०).

२. मॉडेल नजरेने ओळखता येतं का?

बहुतेक वेळा येतं, आणि ते शिकण्यात मोठा आनंद आहे. मधल्या धातूच्या पेटीकडे, म्हणजे रिसीव्हरकडे बघा.

पिवळा धातू, नळीखाली लाकूड नाही आणि बाजूला काडतूस भरायची खिडकीही नाही: ती १८६० ची हेन्री. बेंजामिन टायलर हेन्रीच्या या रायफली जेमतेम १४,००० च्या आसपास बनल्या, त्यामुळे समोर आलेली ‘हेन्री’ बहुधा नक्कल किंवा आधुनिक निघते (प्रश्न १५). पिवळा धातू, पण बाजूला भरायची खिडकी आणि नळीखाली लाकूड असेल तर विंचेस्टरचं १८६६ चं मॉडेल, म्हणजे ‘यलो बॉय’. पुढची १८९५ पर्यंतची मॉडेलंही विंचेस्टरचीच. तसाच बांधा, पण लोखंडाचा, बाजूला निघणाऱ्या पट्ट्या आणि डोक्यावर सरकतं धूळझाकण: १८७३. तिचंच थोराड रूप १८७६, मोठ्या काडतुसांसाठी केलेलं.

यानंतर बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग आला आणि आतली रचनाच बदलली. रिसीव्हरच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना उभ्या कुलूपपट्ट्यांच्या कडा दिसल्या तर १८८६ किंवा १८९२. दोघी दिसायला बहिणी. १८८६ दणकट, १८९२ सडपातळ. लिव्हर खाली ओढल्यावर रिसीव्हरचा तळच खाली झुकला तर १८९४. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. चापाच्या पुढे पोटाखाली चौकोनी मॅगझिन असेल तर १८९५.

डोकं सपाट, बंद आणि झाडलेल्या काडतुसाची रिकामी टोपी उजव्या बाजूने बाहेर पडत असेल तर मार्लिन ही दुसरी कंपनी. ही पद्धत तिने १८८९ च्या मॉडेलपासून धरली. आणि बाहेर घोडाच (मागे ओढायचा, आपटणारा हातोडा) दिसत नसेल तर सॅव्हेज कंपनीची. आर्थर सॅव्हेजच्या १८९९ च्या मॉडेलात काडतुसं फिरत्या चरकीत बसतात. कित्येकांवर डाव्या बाजूला छोटी खिडकी असते, आत किती उरली ते तिथे आकड्यात दिसतं.

३. सिरीयल नंबर सापडत नाही. कुठे असतो?

विंचेस्टर १८७३, १८७६ आणि १८८६ मध्ये दस्त्यात शिरणाऱ्या खालच्या पट्टीवर, लिव्हरच्या मागे. १८९२ आणि १८९४ मध्ये रिसीव्हरच्या तळाला, पुढच्या टोकाशी, लाकूड सुरू होतं तिथे. मळ साचला असेल तर बोटाने पुसून तिरपा उजेड पाडा. तारेचा ब्रश नको.

४. नळीवर १८६० आणि १८६६ अशा तारखा आहेत. म्हणजे रायफल दीडशे वर्षांहून जुनी?

नाही. सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. त्या पेटंटच्या तारखा आहेत. १६ ऑक्टोबर १८६० हे हेन्रीचं पेटंट आणि २९ मार्च १८६६ हे नेल्सन किंगच्या भरायच्या खिडकीचं. १८७३ च्या रायफलींवर हाच मजकूर वर्षानुवर्षं ठोकत राहिले; ते मॉडेल १९२३ पर्यंत यादीत होतं आणि सुमारे ७ लाख २० हजार बनली. तसंच १८९४ वरच्या ‘२१ ऑगस्ट १८९४’चं. पेटंटची तारीख एवढंच सांगते की रायफल त्याआधीची नाही. नावातलं वर्षही मॉडेलचं, तुमच्या रायफलीचं नव्हे.

५. मग खरं वर्ष कसं काढायचं?

सिरीयल नंबरवरून. पण इथे एक खाच आहे. विंचेस्टरसाठी दोन प्रकारच्या सारण्या फिरतात: एक जुन्या पुस्तकांतून उतरत आलेली, दुसरी कारखान्याच्या पॉलिशिंग विभागाच्या नोंदवह्यांवरून केलेली. काही मॉडेलांत दोन्हींत वर्षांचा फरक पडतो. माझं स्पष्ट मत: नोंदवहीवरची सारणी धरा. १८९८ च्या रेषेजवळची रायफल असेल तर हा फरक कायद्यापर्यंत पोचतो (प्रश्न १२).

नंबर नीट वाचता येत नसेल तर खुणांवरून अंदाज बांधा. गोल किंवा लंबगोलात डब्ल्यू आणि पी ही चाचणीची खूण विंचेस्टरने १९०५ मध्ये सुरू केली. मूळ स्थितीतल्या रायफलीवर ती असेल तर रायफल बहुधा त्यानंतरची. पण कारखान्यात दुरुस्तीला परत गेलेल्या जुन्या रायफलींवरही ती नंतर पडलेली असू शकते. ‘मॉडेल १८९४’चं ‘मॉडेल ९४’ १९१९ च्या सुमारास झालं. १८७३ वर काडतुसाचं माप कुठेच नसेल तर ती बहुधा सुरुवातीच्या काळातली ४४-४० आहे: १८७९ मध्ये ३८-४० येईपर्यंत दुसरं माप नव्हतंच, तर लिहायचं कशाला?

६. कोडीचं पत्र म्हणजे काय? त्यात पहिल्या मालकाचं नाव मिळतं का?

वायोमिंगमधल्या कोडी गावी बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट हे संग्रहालय आहे. तिथल्या शस्त्र विभागाकडे विंचेस्टरच्या मूळ नोंदवह्या आहेत. शुल्क भरलं की तुमच्या नंबरसमोर जे लिहिलंय ते पत्रावर उतरवून देतात: मॉडेल, माप, नळी गोल की अष्टकोनी, चापाचा प्रकार, गोदामात आल्याची आणि बाहेर गेल्याची तारीख. मालकाचं नाव सहसा नसतं, कारण माल व्यापाऱ्यांकडे जायचा.

सगळे नंबर मात्र मिळत नाहीत. १८९४ च्या नोंदी ३,५३,९९९ पर्यंत, १८९२ च्या ३,७९,९९९ पर्यंत आणि १८९५ च्या ५९,९९९ पर्यंतच आहेत. १८७३ च्या बऱ्याचशा आहेत, मधे गाळे पडलेले. मार्लिनच्या १८८३ ते १९०६ या काळातल्या नोंदीही तिथेच सापडतात.

पत्र काय सांगतं आणि काय नाही, याचं उत्तम उदाहरण नेवाडातलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्व विभागाच्या लोकांना ज्युनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली १८७३ विंचेस्टर दिसली. दस्ता करडा पडून तडकलेला, खालचं टोक मातीत रुतलेलं, नळी गंजून झाडाच्या सालीसारख्याच रंगाची. नंबरवरून कोडीने सांगितलं की ती १८८२ मध्ये बनून गोदामाबाहेर पडली. कोणाकडे गेली, ते नोंदीत नाही. पुढे तपासताना दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस मिळालं. ते १८८७ ते १९११ या काळातल्या बनावटीचं ठरलं. म्हणजे ती झाडाला टेकली ती १८८७ च्या आधी नाही. नोंदवहीने जन्म सांगितला, काडतुसाने पुढची खूण दिली. वय काढायचं ते असं, पुराव्यावर पुरावा ठेवून.

७. मार्लिन आणि सॅव्हेजचं वर्ष कसं कळेल?

मार्लिनच्या १९७३ पासून पुढच्या बऱ्याच वर्षांच्या रायफलींत सोपी युक्ती आहे: सिरीयलचे पहिले दोन आकडे १०० मधून वजा करा. २५ ने सुरू होत असेल तर ७५, म्हणजे १९७५. त्याआधीच्या काही वर्षांत पहिले दोन आकडे थेट वर्षच दाखवतात आणि त्याही आधी अक्षरं होती. नळीवर रिसीव्हरजवळ जे आणि एम ही लंबगोलातली खूण दिसली तर नळी जुन्या मार्लिन कंपनीच्या काळातली. २००८ पासून कंपनी रेमिंग्टनकडे गेली, २०२० मध्ये रूगरने घेतली. जुन्या खुणेची रायफल घ्यायला लोक थोडे जास्त पैसे मोजतात.

सॅव्हेज ९९ मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच रायफलींवर लिव्हरच्या सांध्यापाशी लंबगोलात एक अक्षर असतं. ए म्हणजे १९४९, बी म्हणजे १९५०, असं पुढे.

८. ‘चौसष्टच्या आधीची’ असं सगळे कौतुकाने का म्हणतात?

१९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च कमी करायला मॉडेल ९४ ची घडण बदलली. आतला काडतूस उचलणारा भाग पत्र्यातून कापलेला आला, भरीव पिनांच्या जागी पोकळ आल्या आणि रिसीव्हरचा धातू असा की नेहमीचं ब्ल्यूइंग (लोखंडावर चढवायचा गडद निळा रंग) त्यावर धरेना. गिऱ्हाइकांना ते लगेच जाणवलं. नंबर २७ लाखांच्या पुढे असेल तर ती नंतरची. माझ्या मते नंतरच्या रायफली शिकारीला वाईट नाहीत; संग्राहकाच्या लेखी मात्र भिंत तिथेच उभी आहे. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला, तोवर ७० लाखांहून जास्त ९४ बनल्या होत्या.

९. नळीवर ‘.३० डब्ल्यू.सी.एफ.’ लिहिलंय, ३०-३० नाही. वेगळं काडतूस आहे का?

तेच आहे. ‘विंचेस्टर सेंटर फायर’चं ते लघुरूप. मात्र ३२ स्पेशल आणि ३२-४० ही दोन वेगळी काडतुसं आहेत, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

१०. गंज आणि डाग आहेत. विकण्याआधी साफ करून चकाचक करू का?

कृपा करून नको. किंमत जाते ती इथे. देवघरातली समई चिंचेने घासून लख्ख करायची आपली सवय यलो बॉयवर चालवली की दीडशे वर्षांत चढलेली मधाळ छटा दहा मिनिटांत जाते, आणि संग्राहक ती रायफल खाली ठेवतो. लोखंडावरची तपकिरी झाक हाही तिच्या वयाचा दाखला आहे. हलक्या तेलात भिजवलेलं मऊ कापड, एवढंच. लाल, भुकटी होणारा जिवंत गंज असेल तर तो वाढतो, तेव्हा जुन्या हत्यारांचं जतन करणाऱ्या माणसाला दाखवा.

महाराष्ट्रातल्या घरांसाठी एक विनंती. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण ओल्या बोटाने लावलेलं हळदकुंकू आणि ओली फुलं रात्रभर धातूवर ठेवू नका. रिसीव्हरवर बोटाच्या आकाराचे गंजाचे डाग त्यातून पडतात. कुंकू दस्त्याखाली ठेवलेल्या पाटाला लावा, नाहीतर पूजा झाल्यावर लगेच कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा.

११. विकणारा म्हणतो ‘मूळ ब्ल्यूइंग आहे’. खरं की नंतर केलेलं?

कडा बघा. कारखान्यातून निघालेल्या रिसीव्हरच्या कडा धारदार असतात. नव्याने ब्ल्यू करण्याआधी बफवर घासली की त्या गोल होतात. नळीवरची अक्षरं पुसट, पण त्यांच्या खोबणीतला रंग ताजा असेल तर शंका घ्या. स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खळगा पडला असेल तर घासणं नक्की. लाकडावरून नखं फिरवा: मूळ दस्ता धातूपेक्षा केसभर वर असतो, सँडपेपर मारलेला खाली बसतो. जागोजागी गंजाचे खड्डे आणि त्यावर एकसारखा गडद निळा रंग, हे तर उघडच सांगतं.

नळी कापली आहे का तेही मोजा. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बंद करून नळीच्या तोंडातून सळई घाला आणि खूण करा. १८७३ ची रायफल साधारण २४ इंची, १८९४ ची २६, कार्बाइन (आखूड रूप) २०. मधलंच माप आलं, तोंडाशी माशीची (नेम धरायच्या उंचवट्याची) जागा विचित्र वाटली, तर कापलेली समजा. खास मागणीची लांबीही असायची. ती कोडीच्या पत्रात दिसेल (प्रश्न ६).

१२. अमेरिकेत एच-वन-बीवर आहे. अशी रायफल घरात ठेवू शकतो का?

संघीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. एक अपवाद वैध शिकार परवान्याचा. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. दुसरी गोष्ट वयाची: १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली रायफल त्या कायद्याच्या लेखी ‘अँटिक’, म्हणजे बंदूकच नव्हे. इथे रिसीव्हरचं वर्ष बघतात, म्हणून नळी नंतर बदललेली असली तरी दर्जा जात नाही. पण काडतुसांवरची मनाई वेगळी उभी राहते आणि राज्यांचे कायदे वेगळे. व्हिसा पणाला लावून अंदाजावर चालू नका, वकिलाला विचारा.

एक अवघड अपवाद. सोळा इंचांहून आखूड नळीच्या रायफलींवर वेगळा कायदा चालतो आणि त्यातली ‘अँटिक’ची व्याख्या वेगळी, कडक आहे. १८९८ आधीची आहे म्हणून आखूड ‘ट्रॅपर’ आपोआप सुटत नाही. बऱ्याच मूळ ट्रॅपर स्वतंत्र यादीने सोडवल्या आहेत, तुमची त्यात आहे का ते आधी बघा. आणि परवानगीशिवाय नळी स्वतः कापून सोळा इंचांखाली आणणं हा गुन्हा आहे.

१३. भारतातल्या घरी आजोबांची विंचेस्टर आहे. शंभर वर्षं जुनी, मग परवाना कशाला?

लागतो. अमेरिकेतली १८९८ ची रेषा भारतात नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुन्या पद्धतीच्या किंवा पुरातन मोलाच्या अशा हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही चालणार नाही. चालणारी, किंवा दुरुस्तीने चालेल अशी रायफल कितीही जुनी असो, परवान्याखालीच येते.

परवानाधारक वारले असतील तर उशीर नको: हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि वारसाने अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेलीही त्यातच मोजतात. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायची तर १९७२ चा पुरावशेष कायदाही आडवा येतो. अमेरिकेतून इकडे आणायचा विचार असेल तर आधी परवाना आणि कस्टमची परवानगी, मग विमान.

१४. भारतातल्या रायफलीवर मुकुटाच्या खुणा आहेत. ब्रिटिश बनावट का?

बनावट अमेरिकन, प्रवास ब्रिटनमार्गे. ब्रिटनमध्ये विकायच्या परदेशी बंदुकांना लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहातून जावं लागे. मुकुटाखालची अक्षरं ती. ‘नॉट इंग्लिश मेक’ असा शिक्का असेल तर फार चांगली खूण हाती आली: तो १९२५ च्या नियमांपासून १९५५ पर्यंत मारत. अमेरिकन संग्राहक या खुणांनी क्वचित नाक मुरडतात. भारतातल्या रायफलीच्या इतिहासाचा तो भाग आहे, खोडून काढू नका.

१५. नक्कल कशी ओळखायची?

नळी आणि रिसीव्हरखालचा मजकूर पूर्ण वाचा. इटलीची उबेर्ती, ब्राझीलची रॉसी, जपानची मिरोकू या चांगल्या कंपन्या आहेत आणि स्वतःच्या खुणा मारतात. फसवणूक होते ती कोणी त्या घासून जुनेपणा आणला की. ‘हेन्री’ नावाची आजची कंपनी १९९६ मधली, जुन्या हेन्रीशी तिचा संबंध नाही. १८९२ सारखी दिसणारी, पण स्पॅनिश मजकुराची ‘एल तीग्रे’ भेटली तर ती स्पेनमधल्या एइबारमध्ये बनलेली जुनी नक्कल; तिलाही आता तिचे चाहते आहेत.

सर्वांत महाग फसवणूक खऱ्या रायफलीवर होते: साध्या १८७३ वर ‘वन ऑफ वन थाउजंड’ (कारखान्याने निवडलेल्या खास रायफलींवरचा मजकूर) कोरून. अस्सल तशा जेमतेम सव्वाशे ते दीडशेच्या आसपास आहेत. पत्राशिवाय एक पैसाही देऊ नका.

१६. किंमत किती येईल?

फोटोवरून आकडा मी देत नाही, आणि देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. क्रम सांगतो. आधी मॉडेल आणि माप. मग ती कारखान्यातून निघाली तशीच आहे का. मग किती टक्के मूळ रंग उरलाय. मग वेगळेपण: अष्टकोनी नळी, अर्धं मॅगझिन, खास अक्रोडाचा दस्ता, पत्रात नोंदलेलं. एकाच वर्षाच्या दोन १८९४, एकीवर नव्वद टक्के ब्ल्यूइंग आणि दुसरी नव्याने रंगवलेली, यांत कित्येक पटींचा फरक पडतो. मागितलेली किंमत बघू नका, लिलावात प्रत्यक्ष पडलेली बघा. आणि जो मूल्य सांगतो त्यालाच लगेच विकू नका.

स्मरणार्थ काढलेल्या ९४ बद्दल निराश करावं लागतं. १९६६ ची शताब्दी आवृत्ती एक लाखाहून जास्त बनली. खोक्यासकट, न झाडलेली असेल तरच तिला थोडा भाव.

भारतात डॉलरचा गुणाकार चालत नाही. गिऱ्हाईक परवानाधारकच हवं, म्हणून बाजार छोटा.

१७. घरात सांगतात की ही अमुक नामांकित माणसाने दिली. त्याने भाव वाढतो?

कागद असेल तर. एप्रिल २०१६ मध्ये रॉक आयलंड या लिलाव कंपनीच्या लिलावात १८८६ मॉडेलची पहिल्या क्रमांकाची रायफल १२ लाख ६५ हजार डॉलरला गेली. अपाची योद्धा जेरोनिमोच्या मागावर असलेल्या कॅप्टन हेन्री लॉटनला ती भेट मिळाली होती, आणि त्याचा सबळ पुरावा सोबत होता. तुमच्या घरात जुना परवाना, खरेदीची पावती, रायफल हातात असलेला फोटो असेल तर ते सगळं रायफलीसोबतच ठेवा. आजीच्या आठवणी तारीख घालून आजच लिहून घ्या.

१८. एकदा झाडून बघू का?

१८६६ आणि १८७३ ची आतली सांधेरचना काळ्या दारूच्या (जुन्या, कमी जोराच्या बंदूकदारूच्या) दाबासाठी केलेली आहे. आजचं जोरदार ४४-४० तिला झेपेलच असं नाही. ४५-७० चंही तसंच: दुकानात तीन वेगवेगळ्या दाबांचा माल मिळतो, आधुनिक मार्लिनसाठीचा १८८६ मध्ये घालू नये. चेंबरचा (नळीतला काडतूस बसायचा भाग) साचा घेऊन माप तपासल्याशिवाय नळीवरच्या अक्षरांवर भरवसा नको, मधल्या काळात कोणी चेंबर बदललेलं असतं. ट्यूबच्या मॅगझिनमध्ये टोकदार गोळी कधीच नको: मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (मागची ठिणगी पाडणारी टिकली) टेकतं आणि धक्क्याने ते आतच उडू शकतं. म्हणून ३०-३० च्या गोळीचं तोंड चपटं असतं. सॅव्हेजच्या चरकीत काडतुसं एकामागे एक नसतात, तिथे टोकदार चालते.